मागच्या सीटवरचा व्यायाम

"आता सोडा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

"सोडलं," बाई म्हणाल्या.

"नाही सोडलं."

"अहो, माझं मला कळत नाही का?"

फिजिओथेरपिस्टनं मशीनचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक करडी रेघ होती. श्वास आत घेतला की ती अलगद खाली उतरायला हवी होती. बाईंची रेघ जागची हलायला तयार नव्हती.

बाई ड्रायव्हिंग स्कूल चालवत. नवरा ऑफिसात बसून फोन घ्यायचा आणि बाई शिकाऊ माणसाच्या शेजारी, जादा ब्रेकवर पाय ठेवून बसायच्या. शिवाय एंडोमेट्रिओसिसचं दुखणं होतंच. गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी नको तिथं, ओटीपोटात जागोजागी चिकटून बसलं होतं. "सगळ्याच बायकांचं दुखतं" हे ऐकत बाईंनी दातओठ खाऊन वर्षं काढली. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि दुखण्याचं मूळ गेलं. पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू इतकी वर्षं आवळून बसले होते, त्यांना हे कोणी कळवलंच नव्हतं.

"हे सैल झाल्याशिवाय शिकवायला जायचं नाही," फिजिओथेरपिस्टनं बजावलं.

तोवर बाईंच्या जागेवर धाकटी नणंद बसू लागली. लग्न होऊन दोन पोरांची आई झाली तरी घरात तिला छकुलीच म्हणत. शिकवायचा परवाना तिनं कधीच काढून ठेवला होता, आता तो कामाला आला. बाई खिडकीशी पलंगावर पडून पोटात श्वास भरायच्या, आणि नेमकी त्याच वेळी गाडी समोरून जायची. गाडीतली माणसं हसत असायची.

बाईंच्या गाडीत आजवर कोणी हसलं नव्हतं.

"आज पोस्टमन काकांनी चढावर थांबवून गाडी पुढं काढली," जेवताना नवरा कौतुकानं सांगायचा. "छकुलीनं स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नाही."

हे काका बाईंच्या हाताखाली परीक्षेत पुनःपुन्हा नापास झालेले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण घडवलेला माणूस दुसरीच्या हाताखाली पास होणार! मग आपली गरज कोणाला? दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात, इथं तर पोट आधीच दुखत होतं.

त्यात दवाखान्यात एक नवी बाळंतीण भेटली.

"मला आवळून धरायचा व्यायाम दिलाय," ती म्हणाली. "आता वाढवून देणारेत. तुम्हाला काय दिलंय?"

"मला... सोडायचा."

"नुसतं सोडायचं?" बाळंतिणीनं अशा काही मायेनं बघितलं की बाईंच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. कालची पोर वरच्या वर्गात आणि आपण बालवाडीत! सोडणं हा काय व्यायाम झाला? सोडायला तर कोणालाही येतं.

त्या दिवसापासून बाईंनी घरी गुपचूप बाळंतिणीचा व्यायाम सुरू केला. भांडी घासताना आवळ, फोनवर बोलताना आवळ. गाडी खिडकीसमोरून गेली की जरा जास्तच आवळ.

"माझं काही चुकलं का?" नवऱ्यानं भीत भीत विचारलं. बायकोचा चेहरा असा झाला की काय होतं, ते त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

"काही नाही. व्यायाम करतेय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेलेलं दुखणं परत आलं. जेवायला बसवेना, खोकायचीही चोरी झाली. बाई लवकर येत नाहीत म्हटल्यावर नवऱ्यानं संध्याकाळची शिकवणीही छकुलीला देऊन टाकली. ते ऐकून बाईंनी आणखी आवळलं.

"तुम्ही घरी नक्की करता काय?" फिजिओथेरपिस्टनं शेवटी विचारलं. बाईंनी खालमानेनं कबुली दिली.

"अहो, त्यांचे स्नायू सैल पडलेत, तुमचे आखडलेत. शेजारणीचा चष्मा लावून तुम्हाला दिसेल का?" तिनं कपाळाला हात लावला. "सगळ्यात जास्त कुठं आवळता?"

"गाडीत."

"मग गाडीतच सोडायला शिका. मागच्या सीटवर, उशी घेऊन, थोडाच वेळ. पोटात श्वास घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं."

तोंड बंद ठेवायचा व्यायाम बाईंना सगळ्यात जड गेला. पुढं काका गाडी चालवत होते, शेजारी छकुली होती. काकांनी गिअर बदलला तो बरोबर. वळणाआधी आरशात बघितलं तेही बरोबर. बाईंना एकही चूक सापडेना, म्हणून त्या जास्तच जळफळल्या. "श्वास आत, सैल," असं स्वतःलाच बजावत बसल्या.

तेवढ्यात चौकात एक कुत्रा आडवा आला.

"ब्रेक!" बाई गरजल्या.

काकांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन भर चौकात बंद पडली. उशी उडून पुढं आली, छकुलीच्या बाटलीतलं पाणी काकांच्या मांडीवर सांडलं, मागं हॉर्नचा गदारोळ उठला. कुत्रा मात्र आरामात पलीकडे जाऊन कान खाजवत बसला.

"सॉरी बाई, सॉरी बाई," म्हणत काका गाडीतून उतरले. "मी पँट वाळवून येतो," असं सांगून जे गेले ते लवकर दिसलेच नाहीत.

छकुलीनं गाडी कडेला घेतली. आता ही आपला उद्धार करणार, म्हणून बाई पवित्र्यात बसल्या.

"वहिनी," छकुली रडवेल्या आवाजात म्हणाली, "तू परत कधी येणार गं?"

"कशाला? तुझं तर छान चाललंय. हसतात काय, खिदळतात काय!"

"मला हसतात ते! रोज ऐकवतात, 'बाईंनी आधीच सांगितलं असतं.' कोपरा आला की म्हणतात, 'इथं बाई काय म्हणायच्या, सांगू का?' आणि मलाच शिकवतात. आत्ता बघितलंस ना? मी बोंबलले तरी काकांचा पाय हलत नाही. तू एकदा ओरडलीस तर गाडी जागच्या जागी! खरं सांगू? जळते मी तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"मग काय! पलंगावर पडून राहतेस तरी गाडी तुझीच."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाईंना गार गार वाटलं. त्यांनी न ठरवता एक लांब श्वास घेतला आणि ओटीपोटात, अगदी तळाशी, काहीतरी अलगद खाली उतरलं. आवळलेलं सगळं सुटलं. दुखतही नव्हतं. पडदा नव्हता, मशीन नव्हतं, तरी बाईंना नेमकं कळलं.

छकुलीनं मागं वळून बघितलं. "जरा बरं दिसतंय तुझं तोंड. बरं वाटतंय ना? मग सोमवारपासून ये ना, वहिनी!"

"छे गं," बाई उशी पाठीशी घेऊन आरामात टेकत म्हणाल्या, "अजून बरेच दिवस लागतील. काका अजून काय काय म्हणतात, ते सांग बघू."