वकिलाची दाढ

"प्राण्यांच्या दवाखान्यात अकराची वेळ आहे. भोपळ्या रात्रीपासून उपाशी आहे, तुम्हीही काही देऊ नका. भूल द्यायची आहे त्याला." हॉस्पिटलात ड्युटीवर निघालेल्या परिचारिकेनं चपला घालता घालता नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. "आणि अहो, पिंजरा आधी दाखवू नका!"

नवरा ग्रंथपाल होता. हजारो पुस्तकांतून नेमकं हवं ते काढून देणारा माणूस. घरातला एक बोका पकडायला काय लागतं, असं त्याला वाटत होतं. भोपळ्याच्या दातांची वर्षाची तपासणी आणि सफाई बायकोच करून आणायची. रोज त्याच्या दातांवरून छोटा ब्रशही तीच फिरवायची. ग्रंथपालाचा संबंध बोका मांडीवर येऊन झोपण्यापुरता.

त्यानं पिंजरा दिवाणखान्याच्या मधोमध ठेवला आणि प्रेमानं हाक मारली. भोपळ्यानं एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा ग्रंथपालाकडे, आणि तो दिसेनासा झाला. पलंगाखाली नाही, कपाटावर नाही, पडद्यामागे नाही. साडेदहा वाजले. घामाघूम होऊन ग्रंथपालानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं, तर कुंपणाच्या भिंतीवर नारिंगी बोका डोळे मिटून बसलेला!

"सापडलास, लबाडा!" म्हणत त्यानं मागून जाऊन टॉवेल टाकला. दोन्ही मनगटांवर ओरखडे उमटले, शर्टाचं बटण गेलं, पण बोका पिंजऱ्यात गेला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं आणि कागद पाहिला. "वर्षात दीड किलो वाढलंय हो!"

"लाड होतात," ग्रंथपाल म्हणाला.

बाईंनी ओठ वर करून दात पाहिले. "अरेरे! केवढं कीटण साचलंय! हिरड्याही सुजल्यात. मागच्या खेपेला किती स्वच्छ होते. ब्रश बंद केलात का?"

"नाही, बायको रोज करते," तो म्हणाला आणि मनातल्या मनात चमकला. रोज करते म्हणते, आणि हे असं? संसारात पहिल्यांदाच बायकोची चूक हाती लागली होती. संध्याकाळी ती कशी मांडायची याच्या विचारात तो इतका रंगून गेला की, "एक दाढ किडलीय, काढावी लागेल," हे ऐकून त्यानं आनंदानं सही केली.

दुपारी बोका शुद्धीवर आला. "दातांची काळजी वेळेवर घेतली असती तर दाढ वाचली असती," असं सुनावून बाईंनी दाढ एका बाटलीत घालून दिली.

घरी येऊन त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. त्याच वेळी धुण्याच्या मशीनमागून भोपळ्या जांभई देत बाहेर आला.

दोन बोके एकमेकांकडे पाहत होते. पिंजऱ्यातल्याचे दात नुकतेच साफ केलेले, चकचकीत, आणि एक दाढ कमी. आता ग्रंथपालाला ओळख पटली. तो शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांचा 'वकील' होता! आणि न्यायाधीशांशी सहा महिने बोलणं बंद होतं, कारण पुस्तक परत केलं नाही म्हणून वाचनालयानं त्यांना नोटीस धाडली होती. नोटिशीवर सही ह्याचीच.

त्यानं बायकोला फोन लावला.

"अहो, दुसऱ्याच्या बोक्याची दाढ काढून आणलीत?"

"मी नाही, डॉक्टरांनी काढली."

"आत्ताच्या आत्ता जा आणि खरं सांगा. लपवाल तर बघा!"

एका हातात पिंजरा, दुसऱ्यात बाटली घेऊन ग्रंथपाल शेजारी गेला. न्यायाधीश गालाला रुमाल बांधून आरामखुर्चीत बसले होते. त्यानं एका दमात सगळं कबूल केलं. न्यायाधीशांनी बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ न्याहाळली.

"दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता," ते जड जिभेनं म्हणाले. "मला वाटलं, माझ्यावर रुसलाय." वकील पिंजऱ्यातून निघाला तो थेट बशीकडे. त्यातलं दूध त्यानं चाटून पुसून संपवलं. न्यायाधीशांचे डोळे भरून आले, पण आवाज करडाच राहिला. "दुखलं का त्याला?"

"भूल दिली होती, साहेब. त्याला कळलंसुद्धा नाही."

"माणसांनाही देतात?"

तेव्हा ग्रंथपालाला रुमालाखालचा सुजलेला गाल दिसला. "किती दिवस दुखतंय?"

"चार महिने. कोणाला बोलू नका." ते खुर्चीत ताठ बसले. "मालकाला न विचारता दाढ काढणं हा गुन्हा आहे. शिक्षा भोगावी लागेल. उद्या सकाळी माझ्याबरोबर दंतवैद्याकडे यायचं आणि काम संपेपर्यंत माझा हात धरून बसायचं."

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालानं शिक्षा भोगली. ज्या हातानं न्यायाधीशांनी आयुष्यभर निकाल लिहिले, त्याच हातानं त्यांनी ह्याची बोटं अशी आवळली की ती पांढरी पडली. अर्ध्या तासात दाढ निघाली. न्यायाधीश खुर्चीतून उतरले, तोंडात कापूस असूनही प्रसन्न दिसत होते. ते ग्रंथपालाकडे वळले.

"तुम्ही दात शेवटचे कधी दाखवले होते?"

ग्रंथपाल आठवू लागला. लग्नाआधी, बहुतेक.

"डॉक्टर," न्यायाधीश कापसाआडून म्हणाले, "ह्यांनाही घ्या." आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी हात पुढे केला. "धरा. लाजू नका."