मुकादम विचारत नसतो

नेतृत्व माणसात मुळातच असावं लागतं, आणि ते माझ्यात ठासून भरलेलं आहे, हे मला सोमवारी कळलं. कारण सोमवारी मालकांनी मला मुकादम केलं! आमची कंपनी लोकांची घरं हलवते. या घरातलं सामान बांधायचं, ट्रकमध्ये भरायचं, त्या घरात नेऊन लावायचं. इतकी वर्षं मी पाठीवर फ्रिज घेऊन जिने उतरलो. आता हाताखाली चार माणसं, आणि हातात काहीच नाही. मोकळ्या हातांचं काय करायचं ते पहिल्या दिवशी समजत नाही. मी ते कमरेवर ठेवले.

मालकांनी अर्थात एक मेख मारून ठेवली होती. "मंगळवारचं काम बिनतक्रार झालं तर मुकादमकी तुझी. एक जरी तक्रार आली, तर बुधवारपासून परत फ्रिज." इकडे बायकोने तोवर माहेरी कळवूनही टाकलं होतं. मेव्हण्याने फोनवर मला चक्क 'मुकादमसाहेब' म्हटलं. एकदा मेव्हणा साहेब म्हणाला की परत फ्रिज उचलायची सोय राहत नाही.

म्हणून मी तयारीला लागलो. आत्मविश्वास कसा वाढवावा, याचा एक व्हिडिओ फोनवर सापडला. त्यात कोट घातलेला एक गृहस्थ सांगत होता की प्रमुखाने कधी प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारला की हाताखालच्यांना प्रमुखाची शंका दिसते. प्रमुखाने फक्त उत्तरं द्यायची. मला हे एकदम पटलं. एरवी मी दिवसभर विचारतच असायचो, हे उचलू का, ते कुठे ठेवू, खाली काच आहे का. ठरवलं, मंगळवारी तोंडातून एकही प्रश्न काढायचा नाही.

काम तिसऱ्या मजल्यावर होतं. माणसं रिकामी खोकी आणि दोर घेऊन जिन्याने निघाली, मी लिफ्टने. लिफ्ट थांबली, दार उघडलं, मी छाती काढून बाहेर पडलो. ती मध्येच कुणीतरी थांबवली होती, हे आता कळतंय. तेव्हा लिफ्ट थांबली म्हणजे आपण आलो, इतका सरळ हिशेब होता. मजल्याचा आकडा बघणं म्हणजे भिंतीला प्रश्न विचारण्यासारखंच झालं असतं!

समोरचं दार उघडं होतं. आत अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ टीव्ही बघत बसले होते.

"सामान न्यायला आलोय," मी म्हणालो.

गृहस्थांच्या हातातला रिमोट खाली आला. "आजच?"

"आजच."

"बरं बरं," ते घाईघाईने उठले. "म्हणजे हो, आजच ना. बोलली होती बायको. या, आत या."

तेवढ्यात आमची माणसं जिन्याने वर आली. पुढे ट्रकचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे काका म्हणतात, आणि मागे कपाट. एकटा कपाट उचलतो म्हणून त्याचं नावच कपाट पडलंय. काकांनी मला दारात पाहिलं, दारावरच्या नंबराकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "मुकादम म्हणतायत ना, मग इथूनच सुरू करा." माझं ऊर भरून आलं. एका दिवसात एवढा मान! मी कोटवाल्या गृहस्थाचे मनातल्या मनात आभार मानले.

मी कमरेवर हात ठेवून हुकूम सोडत राहिलो. टीव्ही गेला, पलंग सुटे झाले, सोफा जिन्यातून खाली उतरला. गृहस्थ बिचारे आमच्या मागे मागे फिरत होते. थोड्या वेळाने ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तिकडे काय हो, उकडतं का फार?"

तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायची बंदी होती. मी म्हणालो, "हवेशीर आहे एकदम."

"आणि माझ्या ऑफिसला लांब पडेल?"

"सवय होईल."

ते विचारात पडले. नंतर मला कळलं त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते. महिन्यापूर्वी जेवताना बायको काहीतरी हलवण्याबद्दल बोलत होती. यांचं लक्ष होतं मॅचमध्ये. त्यांनी नेहमीप्रमाणे "हो, चालेल" म्हणून टाकलं होतं. आता बायकोला फोन करून 'आपण घर सोडतोय का' असं विचारायचं, तर आजवरच्या सगळ्या 'हो, चालेल'चं बिंग फुटलं असतं. त्यापेक्षा घर सोडणं त्यांना सोपं वाटलं. लग्न झालेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पण मग त्यांना एक भलतीच शंका आली. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. "खरं सांगा, मुकादम. तिने मलापण न्यायला सांगितलंय ना?"

"माणसं नेत नाही आम्ही," मी ठामपणे सांगितलं. "फक्त सामान."

ते एका खोक्यावर मटकन बसले. जरा वेळाने उठले आणि बायकोचे चहाचे कप कागदात गुंडाळायला लागले. एकेक कप असा गुंडाळला की तान्हं मूल वाटावं. खोक्यावर जाड पेनाने लिहिलं, 'हिचे कप, जपून.' मला वाईट वाटलं, पण काय झालं म्हणून विचारणार कसं?

एवढ्यात मालकांचा फोन आला. "कुठे मेलात तुम्ही? गिऱ्हाईक बोंबलतंय, अजून कुणी आलंच नाही म्हणून."

"साहेब, अर्धं घर ट्रकमध्ये आहे. गिऱ्हाईक माझ्यासमोर चिकटपट्टी लावतायत."

"दे त्यांना फोन."

गृहस्थांनी फोन घेतला. "तक्रार? छे, छे. फार चांगली माणसं आहेत. नाही हो, माझीच काहीतरी चूक झाली असणार." फोन परत माझ्याकडे आला. मालक म्हणाले, "त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक. तू आवर लवकर."

आम्ही आवरलं! शेवटचं खोकं खाली जात होतं, तेव्हा घरच्या बाई पिशव्या घेऊन बाहेरून आल्या. खाली ट्रकजवळ थांबून त्यांनी काकांना सांगितलं, "अय्या, अस्साच सोफा आमच्याकडे आहे." वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, मागोमाग काका आणि कपाटही आले. घरात भिंती, पंखे आणि नवरा, एवढंच उरलं होतं.

"तू सांगितलंस तसं सगळं बांधून घेतलं," नवरा चाचरत म्हणाला. "कपांना दोन दोन कागद लावलेत. फक्त एवढं सांग, मी काय केलं?"

"मी काय सांगितलं?"

"हलवायचं म्हणून. मागच्या महिन्यात."

"सोफा!" बाई म्हणाल्या. "सोफा जरा खिडकीकडे हलवू या, म्हटलं होतं मी."

त्याच क्षणी जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उतरले. हातात छत्री, गळ्यात मफलर, प्रवासाची जय्यत तयारी. "सामान न्यायला येणारे मेले की काय सगळे?" त्यांनी विचारलं, आणि रिकाम्या घराकडे बघत राहिले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कमरेवरचे हात कधी खाली आले कळलं नाही. डोळ्यांपुढे आधी फ्रिज आला, मग मेव्हणा.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी चुकीच्या घरात शिरलो, आणि कुणाला विचारलंही नाही. आता काय करायचं ते मला कळत नाही. काका, काय करू?"

काकांकडे उत्तर तयार होतं. ट्रक इथे रिकामा करायचा आणि रिकाम्या होतील त्या खोक्यांत आजोबांचं सामान भरायचं. कपाट म्हणाला, आजोबांना तोवर खाली बसवून चहा पाजू. मी कमरेला पट्टा बांधला आणि स्वतः पलंग पाठीवर घेतला. घरातली सूत्रं मात्र बाईंनी हातात घेतली. "टीव्ही तिकडे. टेबल समोरच्या भिंतीला. सोफा खिडकीकडे, अजून, अजून, बस." त्या बोटाने दाखवत होत्या आणि माणसं धावत होती. त्यांनी कसलाही व्हिडिओ पाहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत एक घर परत लागलं आणि दुसरं ट्रकमध्ये चढलं. मालक जातीने आले. मी बुधवारच्या तयारीने मान खाली घालून उभा राहिलो. पण बाईच पुढे झाल्या. "याला काढू नका हो. महिनाभर मागे लागले होते, तो सोफा आज हलला. आणि ह्यांनी माझे कप कसे बांधले होते, ते बघितलं मी." त्यांचा नवरा लाजून खिडकीबाहेर बघायला लागला. आजोबाही चहावर खूश होते. मालक गुरगुरले आणि म्हणाले, "ठीक आहे. मुकादमकी तुझी."

ट्रकमध्ये मी काकांच्या शेजारी बसलो. छाती पुन्हा थोडी वर आली होती. पण एक गोष्ट खटकत होती, आणि आता विचारायला हरकत नव्हती.

"काका, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का, मजला चुकलाय ते?"

"दारातच कळलं होतं," काका म्हणाले. "कपाटालाही कळलं होतं. पण घरवालाच खोकी बांधायला लागल्यावर आम्हीपण चक्रावलो."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी गिअर बदलला. मागून कपाट खोकला. शेवटी काका म्हणाले, "सकाळी वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, ह्यांचा पहिलाच दिवस आहे, आतून फार घाबरलेत, झोपेतसुद्धा 'उचला, उचला' म्हणतात. काहीही बोलले तरी आज कुणी त्यांना टोकू नका, तेवढाच त्यांना धीर येईल."

आजोबांचं सामान त्यांच्या नव्या घरी लावून मी रात्री घरी पोहोचलो तेव्हा बायको दारातच उभी होती. "कसा गेला दिवस? ऐकलं का सगळ्यांनी तुमचं?"

"एकानेही टोकलं नाही," मी सांगितलं.

ती एवढी खूश झाली की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. ती लगेच मेव्हण्याला फोन लावायला आत गेली आणि मी चपला काढत बराच वेळ बाहेर बसलो.