आपल्या सवडीने

क्लेमंट हॅडलोने मार्चमध्येच बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं, "विनी, ऑक्टोबरात बाळ येणार ना? आपण जुलैत नव्या घरात! सगळं माझ्यावर सोड."

विनीने सोडलं, तिथेच चुकली.

सप्टेंबर संपत आला, तरी दोघं स्टॉकपोर्टच्या त्याच, विकायला काढलेल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये. पाळणा ठेवायला जागा नाही, म्हणून तो बाथटबमध्ये. आंघोळ करायची तर आधी पाळणा बाहेर काढायचा. खरेदी-विक्रीचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी नव्या घराच्या गटारांचे नकाशे मागवले, शंभर वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या खाणीची चौकशी केली, कुंपण कोणाचं यावर सहा आठवडे घालवले. आता म्हणत होत्या, "पुढच्या माणसाची घर सोडायची तारीख ठरली की कळवते."

हा पुढचा कोण? क्लेमंट तणतणत नवं घर विकणाऱ्या म्हाताऱ्या ओटलींकडे गेला.

"मी कधीचा तयार आहे, पोरा," ओटली चहा ओतत म्हणाले. "मिसेस पिमचा बंगला रिकामा झाला की निघालोच."

दोघं मिसेस पिमकडे गेले. त्यांनीही आधी चहाच ठेवला.

"माझी तर खोकीसुद्धा बांधून झाली," त्या म्हणाल्या. "डेनिसच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या नावाने फ्लॅट घेतलाय. पण तिथलं जोडपं हलेल तर शपथ! परवा एजंटबरोबर पडद्यांचं माप घ्यायला गेले, घरात कोणी नव्हतं. काय सांगू, पाळणा बाथटबमध्ये! असली आळशी माणसं!"

क्लेमंटने हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

"तो... तो पाळणा आमचा आहे."

म्हणजे तिघंही तयार, तिघंही एकमेकांच्या नावाने बोटं मोडत बसलेले! मग घोडं पेंड कुठे खात होतं? क्लेमंटने तिथूनच वकीलबाईंना फोन लावला.

"तुमचीच लेखी सूचना आहे, मिस्टर हॅडलो," त्या शांतपणे म्हणाल्या. "प्रत्येक पत्राच्या शेवटी: 'घाई नाही, आपल्या सवडीने.' त्या दोघांच्या वकिलांकडेही तसंच लिहून आलंय म्हणे. अशिलाच्या शब्दाबाहेर आम्ही कसं जाणार?"

"अहो, ते आपलं म्हणायचं म्हणून!"

"मग तसं लेखी कळवा."

ओटली पुटपुटले, "नुसतं 'लवकर करा' कसं लिहायचं? बरं दिसत नाही." मिसेस पिमनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी क्लेमंटने जन्मातलं सगळ्यात कडक पत्र लिहिलं. येत्या शुक्रवारी सह्या म्हणजे सह्या. पाकीट पेटीत टाकून तो घरी आला.

"खडसावलंस ना नीट?" विनीने पोटाला हात लावून विचारलं. दोन दिवसांपासून तिची कंबर भरून येत होती.

"म्हणजे काय! वाचून घाम फुटेल त्यांना."

"आणि शेवटी काय लिहिलंस?"

क्लेमंट वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"क्लेमंट?"

"तुला आंघोळ करायची असेल ना," तो म्हणाला आणि पाळणा बाहेर काढायला गेला.