साडूच्या खिशातली किल्ली

वायरिंगमध्ये माझा हात धरणारा अख्ख्या चाकण पट्ट्यात कोणी नाही. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात! फक्त माझ्या सासूबाई तेवढं म्हणत नाहीत.

त्यांच्या तोंडी कायम रविराज. रविराज म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा, मिनलचा नवरा. त्याने दिघीच्या फ्लॅटमध्ये छतात बसणारी मशीन लावली, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारी. तेव्हापासून सासूबाईंचा, कुसुमताईंचा, प्रत्येक उन्हाळा तिकडे. "रविराजांकडे कसं महाबळेश्वरात आल्यासारखं वाटतं," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला महाबळेश्वराचाही राग येतो. जळतो मी. उगाच कशाला लपवा?

यंदा ठरवलं, सासूबाईंचा उन्हाळा पिंपळे गुरवला, आमच्याकडे. तशीच मशीन आणली, त्याच्यापेक्षा मोठी. सासूबाईंनाही आधीच आणून बसवलं, कारण मी काम करताना बघायला कोणीतरी हवं होतं. तर त्यांनी माझ्या मदतीला रविराजला बोलावून घेतलं!

तो आला. दीपमालाने, माझ्या बायकोने, त्याच्यापुढे न मागता चहा ठेवला. मी सकाळपासून मागत होतो.

म्हटलं, याला दाखवूच सेफ्टी काय असते ते. आमच्या कंपनीत सेफ्टीचे धडे मीच देतो. खाली मीटररूममध्ये जाऊन आमच्या अख्ख्या फ्लॅटचा मेन स्विच बंद केला, त्यावर कंपनीसारखी लाल कडी चढवली, तिच्यातली सगळी कुलपं निघाल्याशिवाय स्विच हलत नाही अशी, कडीत माझं कुलूप आणि माझ्या फोटोची धोक्याची पाटी. कामाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं कुलूप लागलं पाहिजे आणि किल्ली ज्याची त्याच्याच खिशात, असंही सुनावलं. वाटलं, गडबडेल. पण तोही कुरुळीच्या कंपनीतला. त्याने बॅगेतून स्वतःचं कुलूप आणि फोटोची पाटी काढून मुकाट्याने अडकवली. सासूबाई कौतुकाने बघायला खाली आल्या होत्या. रविराजांचा फोटो काय छान आलाय, म्हणाल्या. शेजारच्या पाटीवर माझाही फोटो होता.

वर येऊन टेस्टर लावला, वीज नाही याची खात्री केली. फेज आणि न्यूट्रल जोडले, अर्थिंग आवळलं, सगळे स्क्रू पुन्हा तपासले. तेवढ्यात रविराज म्हणाला, "भाऊ, केबल जरा मागे बांधू का? आतल्या पंख्याला लागेल."

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मला सहन झालं नाही. तुमची नाइट शिफ्ट आहे ना, निघा आता, असं म्हणून मी त्याला जवळजवळ लिफ्टमध्ये घातलं. दीपमालाने डबाही दिला. तो गेल्यावर मी केबल मागेच बांधली.

मग झाकण लावलं, सासूबाईंना मशीनखाली खुर्ची दिली आणि ऐटीत मीटररूममध्ये गेलो. माझं कुलूप काढलं. शेजारी रविराज हसत होता. पाटीवर.

त्याची किल्ली त्याच्या खिशात, खिसा कुरुळीत आणि मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा! घरात दिवे नाहीत, पंखे नाहीत, आणि बाहेर मे महिना.

"घाला हातोडी त्या कुलपावर," दीपमाला म्हणाली.

दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नसतं, हे मीच सगळ्यांना शिकवतो. मग गेटवर जाऊन किल्ली तरी आणा, म्हणाली. साडूच्या कंपनीत जाऊन साडूपुढे हात पसरू? नाही गेलो. सासूबाईंनी थोडा वेळ पदराने वारा घेतला आणि पिशवी भरली. त्यांना सोडायला म्हणून दीपमालाही दिघीला गेली, ती तिथेच राहिली. मी गॅलरीत लादीवर पडून रात्र काढली.

सकाळी घरून निरोप मिळताच रविराज शिफ्टवरून थेट आला आणि कुलूप काढलं. मशीन पहिल्या बटणाला सुरू झाली, कुठे खरखर नाही. असा गार वारा की डोळे भरून आले. पण बघायला होता कोण? रविराज. सासूबाईंच्या खुर्चीत.

"भाऊ, घरी सगळे पलंग भरलेत. इथेच जरा पडू का?" म्हणाला, आणि मी उत्तर देण्याआधी घोरायलाही लागला.

इतक्यात सासूबाईंचा फोन. मी घाईने उचलला. आता तरी विचारतील!

"रविराज पोचले ना? झोपू द्या त्यांना. आणि जावईबापू, ते मशीन जरा कमी ठेवा हं. त्यांना लगेच सर्दी होते."

मी कमी केलं. चादरही घातली. पाहुण्यांसाठी ठेवलेली, चांगली.