फ्रीजचं शुद्ध नाव

फ्रीज बंद पडला, आणि नेमका आत आइस्क्रीमचा केक होता. सूनबाईची ही पहिलीच ऑर्डर. संध्याकाळी शाळेतल्या मोठ्या बाईंच्या निरोपसमारंभाला तो पोचायचा होता. तो बिघडला तर पुढच्या ऑर्डरी विसरायच्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फ्रीज परदेशी कंपनीचा. दारावर चांदीच्या अक्षरांत नाव, पण त्यातले स्वर एकमेकांच्या अंगावर चढलेले. सासूबाईंनी फ्रीज आला त्या दिवशी ते "वोइजेक्स" असं वाचलं आणि चिरंजीवांनी लगेच त्यांची शिकवणी घेतली.

"आई, व्ह्वाझो! शेवटचं अक्षर खायचं. आणि चुकीचं नाव घेणाऱ्याचं अजिबात ऐकायचं नाही."

चिरंजीव विमा कचेरीत कारकून होते. तिथे त्यांचं कुणी ऐकत नसे, म्हणून घरी ते उच्चार सुधारत.

त्यांनी ऐटीत दुरुस्ती केंद्राला फोन लावला. पलीकडे माणूस नव्हताच, यंत्र बोलत होतं.

"कृपया कंपनीचं नाव स्पष्ट उच्चारा."

"व्ह्वाझो."

"क्षमस्व. समजलं नाही."

"व्ह्वा-झो!"

"आपण काहीच बोलत नाही आहात."

"अहो, सरळ वाचा ना," सूनबाईने फोन ओढला. "वॉयजॉक्स!"

"क्षमस्व."

सासूबाई कुतूहलाने फोनजवळ आल्या आणि त्यांना सणसणीत शिंक आली.

"धन्यवाद. तक्रार नोंदवली आहे. आमचा माणूस लवकरच येईल."

तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठल्या कंपनीची तक्रार नोंदवली गेली, कुणालाच कळेना.

"शिंकताना शेवटचं अक्षर खाल्लं गेलं ना, म्हणून," चिरंजीव म्हणाले.

केक एका बाजूने खचू लागला होता. नवरा-बायको बर्फ आणायला धावले. परत आले तेव्हा सासूबाई दारात मोठ्या खुशीत उभ्या होत्या.

"एक जण आला होता रे, हत्यारांची पिशवी घेऊन. म्हणाला, वाझूचा फ्रीज इथेच ना? म्हटलं, नाही बाबा. आमचा व्ह्वाझो."

"आई! मग?"

"मग काय? तो आपला फ्रीजकडे बोट दाखवून वाझू, वाझूच करत होता. तूच म्हणालास ना, अशांचं ऐकायचं नाही? दिला घालवून."

चिरंजीवांनी घाईघाईने पुन्हा फोन लावला. "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे," यंत्र म्हणालं.

सूनबाईने फ्रीज उघडला. केक डब्यात तळ्यासारखा पसरला होता. तिला रडूच कोसळलं.

"माझं चुकलं का गं?" सासूबाई कानकोंड्या झाल्या.

"तुमचं नाही हो, आई," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

मग डोळे पुसून तिने घरातले होते नव्हते ते सगळे ग्लास काढले. केक त्यांत ओतला, वर बदामाचे काप पेरले आणि शाळेत फोन लावता लावता नवऱ्याकडे वळली.

"आता ह्याला एक नाव सांगा. कुणालाच म्हणता येणार नाही असं."