आधी माणूस, मग आमटी

दळवीकाकांना आमटीची वाटी दिली तर ते ती लगेच धरत नाहीत. आधी डोळे मिटून चिनी भाषेत काहीतरी पुटपुटतात, बोटांवर शब्द मोजतात आणि मगच हात पुढे करतात. तोवर वाटी देणाऱ्या आमच्या हिची बोटं पोळलेली असतात.

"वहिनी देतात मला आमटी!" हे आमच्यासाठी केलेलं मराठी. "बघ रे, चिनीत आमटी माझ्या पुढे घुसूच शकत नाय. आधी माणूस, मग आमटी."

काकांची हयात शिवडीच्या गोदामात गेली. कुणाची पेटी, कुणाला, आत काय, हे बघण्यात. लोक रिटायर झाल्यावर लाफ्टर क्लबात जातात, यांनी दादरला चिनी भाषेचा क्लास लावला. बरोबरची पोरं धडाधड पुढे गेली. काका मात्र द्विकर्मक वाक्यांच्या धड्यात ठाण मांडून बसले ते बसलेच.

कारण तिथे त्यांना म्हणे ब्रह्मज्ञान झालं. "दिलं काय नि ढापलं काय, चिनीत साचा सेम! दोन माणसं, आणि मध्ये इकडचं तिकडे झालेली एक वस्तू. बस्स!"

या ज्ञानाचे प्रयोग अर्थातच आमच्या लालबागच्या चाळीवर झाले. गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहून त्यांनी "सेक्रेटरीने ढापले मंडळाचे दोन मोदक" हे वाक्य आधी चिनीत आणि मग, कुणाचा गैरसमज नको म्हणून, मराठीत म्हटलं. सेक्रेटरी अजून बोलत नाही. आमच्या मिक्सरचं भांडं सहा महिने त्यांच्याकडे आहे. मागायला गेलो तर खूश होऊन म्हणाले, "हे ढापलं गटात येतं!" भांडं काही दिलं नाही.

मी त्यांना सरळ चक्रम ठरवून मोकळा झालो होतो.

मग एका सकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "सुहास येतोय रविवारी. सुनेला घेऊन."

सुहास त्यांचा मुलगा, शांघायला नोकरीला. चार वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच मेई नावाच्या मुलीशी लग्न केलं. तेव्हा काका फोनवर ओरडले होते, "तिला घेऊन माझ्या दारात येऊ नको!" सगळ्या चाळीने ऐकलं होतं. काकू आधीच गेलेल्या, समजूत घालणार कोण? मुलाने बापाचा शब्द पाळला.

"तिच्यासाठी एकच वाक्य पाठ करतोय," काका कागदाकडे बघत म्हणाले. "मी घेतली तुझी चार वर्षं. मग माफी मागेन. एवढं आलं तरी पुरे रे."

मला माझीच लाज वाटली.

रविवारी काकांनी स्वतः भाकरी थापली. सून पहिल्यांदा घरी आली की दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. ते काम बायकांचं, पण काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते दोघं जिना चढून आले. गॅलरीत सगळी चाळ जमलेली. काकांनी तुकडा तीनदा ओवाळला आणि तो बाहेर टाकायचा सोडून हात तसाच तिच्यासमोर धरून उभे राहिले. वाक्य आठवत होते बिचारे.

मेईला वाटलं, सासरे देतायत. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाऊन टाकला.

"अगो बाय माझे!" आमची ही किंचाळली. नजर काढलेला तुकडा सुनेच्या पोटात! काका खिशात तो वाक्याचा कागद शोधायला लागले. चेहरा पांढराफटक.

मेई काकांकडे बघत हळूच काहीतरी म्हणाली. काकांना त्यातलं अक्षर कळलं नाही.

"बाबा," सुहास म्हणाला, "ती विचारतेय, तुम्ही जेवलात का?"

काका सकाळपासून उपाशी होते. त्यांनी तिचा हात धरला आणि घळाघळा रडायला लागले.

"नाय गे बाये," ते मालवणीत म्हणाले, "तुझ्यासाठी थांबलंय."