सबनीसकाकांचा निळा पाईप

आमच्या सोसायटीत कोण कुठे जातो, कधी येतो आणि वाटेत काय उद्योग करतो हे कळावं म्हणून सीसीटीव्ही लावायचा ठराव दोनदा मंजूर झाला आणि दोन्ही वेळा बारगळला. त्याची गरजच नव्हती. आमच्याकडे सबनीसकाका आहेत.

सकाळी साडेसहाला, डोंबिवलीतली इतर निवृत्त मंडळी दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं तोडत असतात तेव्हा, काका पार्किंगमध्ये उकिडवे बसून लोकांच्या मोटरसायकलींचे पाईप पाहत असतात. इंजिनातून निघून, वळण घेऊन सायलेन्सरकडे जाणारा तो क्रोमचा पाईप. तो तापला की रंग बदलतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. लोखंड तापवण्याच्या खात्यात काकांची तीस वर्षं गेली. भट्टी सुटली, रंग बघायची सवय सुटली नाही. "पाईप खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना ते पाईपाकडे न बघता आपल्याकडे बघतात.

पाण्याची टाकी साफ करायच्या रविवारी आमचे सेक्रेटरी पाटील तापाने अंथरुणाला खिळले होते. सोमवारी काकांनी त्यांना जिन्यात गाठलं. "पाटील, शनिवारी तुमचा पाईप पिवळा होता, आज जांभळा आहे. ताप तुम्हाला होता की गाडीला?" तेव्हापासून पाटील गाडी मागच्या गेटपाशी लावतात. काका आता तिथपर्यंत चालत जातात. तेवढाच व्यायाम होतो म्हणतात.

मी रोज शीळफाट्यावरून महाप्याला नोकरीला जातो, त्यामुळे माझा पाईप कायम निळा. म्हणजे मी त्यांचा जुनाट रोगीच.

"काल कुठे अडकलात?"

"शीळफाट्याला. पाऊण तास."

"वाटलंच. गाडी पळाली की वारा लागतो, पाईप निवतो. तो निळा पडतो ते पळून नाही, अडकून." मग खिशातून पॉलिशची डबी निघते. "हे लावा, निळं जाईल. निळा पाईप म्हणजे मालकाचं दुर्लक्ष." जणू शीळफाट्याचा जाम मीच हौसेने लावला होता.

एकदा मी तो निळा डाग भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासला. संध्याकाळी काका घरी आले, चहाला नको म्हणाले आणि खालच्या आवाजात, "क्रोम गेलं हो," एवढंच सांगून बसून राहिले. माझ्या आजोबांच्या वेळीसुद्धा कोणी इतकं मनापासून सांत्वन केलं नव्हतं.

आता गंमत अशी, की या महापुरुषाच्या स्वतःच्या गाडीचा पाईप कोणी पाहिलेलाच नाही. गाडी जुनी, पण टाकीत तोंड बघून भांग पाडावा इतकी लखलखीत. पाईपाला मात्र जखमेला बांधतात तशी जाड खाकी पट्टी गुंडाळलेली. विचारलं की "उष्णता राखायला" म्हणायचे. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात, म्हणून कोणी जास्त खोलात जात नसे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे पार्किंगमध्ये आपापल्या गाड्या धूत होते. काका स्टेशनजवळ झेंडू आणायला गेले होते. पाटील म्हणाले, "चला, म्हाताऱ्याची गाडी आपणच चमकवू. खूश होतील." या चांगुलपणात सूड किती आणि सेवा किती, हे आम्हा दोघांनाही नीट माहीत होतं. मी पट्टी सोडली.

आत पाईप निळा. नुसता निळा नाही, वळणापासून वीतभर गडद, शाईची दौत लवंडल्यासारखा. पाटलांना इतका आनंद मी टाकीच्या सफाईचं काम टळलं तेव्हाही झालेला पाहिला नव्हता. "निळा पाईप म्हणजे मालकाचं दुर्लक्ष," असं म्हणत त्यांनी काकांनीच दिलेली डबी उघडली आणि फडक्याला पॉलिश लावलं.

"तेवढं राहू द्या."

काका मागे उभे होते, हातात झेंडूची पिशवी. आवाज चढलेला नव्हता. ते वाकले आणि पाटलांच्या हातातलं फडकं त्यांनी हळूच बाजूला केलं.

"पॉलिशने हे जातं," ते म्हणाले. "म्हणून झाकून ठेवतो. कोणीतरी चांगल्या मनाने पुसून टाकेल."

ते पाईपापाशी उकिडवे बसले.

"खारघरहून हिचे रिपोर्ट घेऊन येत होतो. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगून टाकलं होतं. शीळफाट्याला कंटेनर आडवा झालेला. दोन तास पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सरकत होतो. ही मागे बसून बोलत होती. गॅसचं पुस्तक कुठे आहे, आमटीत गूळ कधी घालायचा, माझे स्वेटर कुठल्या पेटीत आहेत. आयुष्यभर मी कारखान्यात दिवस-रात्रीच्या पाळ्या केल्या हो. सलग दोन तास आम्ही कधी बोललोच नव्हतो. सगळे हॉर्न वाजवत होते आणि मला वाटत होतं, हा जाम सुटूच नये."

मला माझी लाज वाटली. पाटलांनी डबीचं झाकण लावलं, ते दोनदा वाकडं बसलं. मी पट्टी परत गुंडाळायला घेतली, पण काकांना माझं गुंडाळणं पसंत पडलं नाही. त्यांनी ती सोडून स्वतः बांधली, घट्ट, एकावर एक नीट वेढे घेत. मग हँडलला हार घातला आणि उरलेला झेंडू आम्हाला वाटून दिला.

दसरा झाल्यावर सोमवारी सकाळी मी खाली उतरलो तर काका माझ्या पाईपापाशी उकिडवे बसलेले.

"पुन्हा निळा. काल कुठे अडकलात?"

"शीळफाट्याला. तासभर. बायको मागे होती."

त्यांचा हात पॉलिशच्या डबीसाठी खिशात गेला होता. तो रिकामाच बाहेर आला.

"मग असू दे," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे सरकले.